‘शेतकऱ्यांसाठी ॲप’ म्हणजे नेमकं काय?

नांदेड-लातूरकडं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट विचारा, ‘सर, शेतकऱ्यांसाठी ॲप’ हे उत्तर ठरलेलं. कल्पना वाईट नाही. पण कोणता शेतकरी आणि त्याची कोणती अडचण, याचा तिच्यात पत्ता नाही.

सोयाबीनचे भाव दाखवायचे म्हणता? कोणता भाव? आडतीवर माल ओला निघाला की भाव उतरतो. हमीभाव खरेदीचा निकष एरवी 12 टक्के ओलाव्याचा; 2024 मध्ये तो 15 पर्यंत सैल केला होता. म्हणून प्रोजेक्टचा उद्देश असा लिहा: ‘औशाच्या शेतकऱ्याला माल टेम्पोत भरण्याआधीच, ओलावा धरून, लातूरच्या बाजारात हातात किती पडतील ते कळावं.’ वापरणारा ठरला, वेळ ठरली, घ्यायचा निर्णयही ठरला. हवामान, खतं, कर्ज बाजूला पडलं. काय करायचं नाही, तेही त्याच कागदावर लिहावं; पोरं नेमकं तेच टाळतात.

असं नेमकं वाक्य पुढचे निर्णय कसे ठरवतं, ते एका सरकारी ॲपमध्येच पाहा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याची राज्याची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ हे तिचं घोषवाक्य. सरकारी घोषवाक्यांत इतकं नेमकं विरळाच! पूर्वी तलाठी करायचा ती नोंद आता शेतकरी स्वतः करणार, हे त्यातच आलं. मग पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा, अक्षांश-रेखांशासह, हे ओघानं आलं. आणि घरोघरी स्मार्टफोन नाही, म्हणून एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोयही ठेवावी लागली.