मुक्त गाभा, बंद फर्मवेअर

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले. त्याआधीच सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली विकसित केली होती. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या यंत्रसामग्रीपुरता नव्याने बांधून घेण्याची मुभा हे या प्रणालींचे मोठे बलस्थान. अनावश्यक भाग वगळला की जुने संगणकही हलके होतात. मात्र असा गाभा बांधणाऱ्यास एक अडचण हमखास भेटते. संगणक सुरू होतो, पण वाय-फाय दिसत नाही किंवा पडदा काळाच राहतो.

अनेक वाय-फाय कार्डांत आणि चित्रचिपांत स्वतंत्र प्रक्रियक असतो. त्याची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, उपकरणात कायमची साठवलेली नसते. संगणक सुरू होताना ड्रायव्हर ती डिस्कवरील 'लिब' निर्देशिकेतल्या 'फर्मवेअर' या उपनिर्देशिकेतून उचलून उपकरणाला देतो. ड्रायव्हर गाभ्यातच बांधलेला असेल, तर तो मूळ फाइल-व्यवस्था जोडली जाण्यापूर्वीच जागा होतो आणि त्या क्षणी डिस्क उपलब्धच नसते. नोंदवहीत 'उणे दोन' ही त्रुटी उमटते. तिचा अर्थ 'अशी फाइल नाही'. नंतर पाहावे तर फाइल जागेवरच असते! याच विसंगतीने भलेभले गोंधळतात आणि फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ड्रायव्हर गाभ्यात न बांधता मॉड्यूल म्हणून ठेवणे. मग तो डिस्क जोडली गेल्यावर जागा होतो. तो गाभ्यातच हवा असेल, तर फर्मवेअर 'इनिटरॅमएफएस' या आरंभीच्या स्मृतिस्थ फाइल-व्यवस्थेत ठेवता येते. तिसरा मार्ग म्हणजे गाभ्याच्या रचनेतील 'एक्स्ट्रा फर्मवेअर' या पर्यायात फाइलचे नाव लिहून ती गाभ्यातच समाविष्ट करणे. येथे पूर्ण मार्ग नव्हे, तर फर्मवेअर निर्देशिकेपासून पुढचे नाव लिहावयाचे असते. संकुचित फाइल चालत नाही. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून गाभा डिस्कवरील संकुचित फर्मवेअर वाचू शकतो आणि अनेक वितरणे तसेच फर्मवेअर पुरवतात. म्हणून ते आधी उलगडून घ्यावे. शिवाय फर्मवेअर बदलले की गाभाही पुन्हा बांधावा लागतो.

तांत्रिक प्रश्न येथे सुटतो, कायदेशीर प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. गाभा जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. बहुतेक फर्मवेअर उत्पादकाच्या मालकीचे असून त्याचा स्रोत उपलब्ध नसतो. दोन्ही एकत्र बांधलेली प्रतिमा इतरांना वाटल्यास परवान्याचा भंग होऊ शकतो, असा इशारा खुद्द या पर्यायाच्या मदत-मजकुरातच दिलेला आहे. स्वतःच्या संगणकापुरता हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु एखाद्या संस्थेने एकच प्रतिमा तयार करून इतर संस्थांना दिली, तर ते वितरण ठरते. अशा वेळी फर्मवेअर वेगळ्या फाइलीत ठेवणे आणि त्याचा परवाना तपासणे अधिक सुरक्षित, असे आम्हास वाटते.

गाभ्याच्या विकासकांनीही २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत फर्मवेअरच्या फाइली मूळ स्रोतातून काढून टाकल्या. त्यांचा संग्रह स्वतंत्र आहे. डेबियनने मात्र २०२२ मधील मतदानानंतर अ-मुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमात घेण्याचे ठरविले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते दिलेही, पण वेगळ्या विभागात आणि ते टाळण्याची सोय ठेवून.