मेंढ्या गेल्या, कुत्री राहिली

1942 साली अमेरिकेत सुमारे 5 कोटी 60 लाख मेंढ्या होत्या. आता त्या 50 लाखांच्या आसपास उरल्या आहेत. कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मोंटानाच्या माळांवर कायोटीमागे कुत्री सोडायची ती मेंढ्या-वासरांच्या रक्षणासाठी, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. त्यातल्या मेंढ्या अशा एक दशांशावर आल्या. कुत्री मात्र अजून धावतात. गेल्या दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहताना मला वाटतं, मेंढी हे निमित्त होतं. माणसांचा जीव कुत्र्यांत अडकला होता. अमुक नर आणि तमुक मादी एकत्र आणायची, त्यांच्या पोटी आधी कुणी पाहिली नव्हती अशी धाव जन्माला घालायची आणि ती खरी की खोटी याचा निकाल उघड्या माळावर लावायचा, या ओढीवर हा सगळा उद्योग उभा राहिला.

कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून बराच लहान. माळावरच्या कायोटीचं वजन साधारण 10 ते 16 किलो, आणि जिवावर बेतलं की वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला तो 1804 मध्ये भेटला तेव्हा त्यांनी त्याला माळावरचा लांडगा म्हटलं. पुढे 1823 मध्ये टॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. खेड्यांतल्या लोकांनी तरीही त्याला लांडगाच म्हणणं चालू ठेवलं. म्हणून जुन्या हकिगतींमध्ये लांडग्याची शिकार म्हणून जे वाचायला मिळतं, ते पुष्कळदा कायोटीचं असतं.

वेगवान कुत्री या माळावर आली ती लष्कराबरोबर आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या हौशी लोकांबरोबर. जनरल कस्टर छावणीत ग्रेहाउंड आणि स्टॅगहाउंड बाळगत असे. 1867 मध्ये कॅन्ससमध्ये आपल्या कुत्र्यांसह तो पलटणीपासून एकटाच दूर गेला, एका गव्यामागे लागला आणि ऐन दौडीत त्याच्याच पिस्तुलाची गोळी त्याच्या घोड्याच्या डोक्यात घुसली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या काळात माळ मोकळा होता. घोडा आणि कुत्रं दोन्ही मैलोन्‌मैल न अडता जात. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं, आणि पाहता पाहता तार माळभर पसरली. वेगात धावणाऱ्या कुत्र्यासाठी त्या तारेइतका मोठा शत्रू दुसरा झाला नाही. कायोटी तारेखालून सरकतो. त्याच्यावर नजर लावून भरधाव आलेल्या कुत्र्याला तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. छाती फाटलेलं, मांडीचं कातडं लोंबणारं कुत्रं घरी आणून शिवायचं, हे काम पाळणाऱ्याच्या रोजच्या जगण्यात आलं. पैदास करणाऱ्यांच्या निवडीतही तार शिरली. तार पाहून उडी घेणारं, एकदा लागल्यावर शिकणारं कुत्रं मोलाचं ठरू लागलं.

1886 मध्ये कॅन्ससमध्ये ग्रेट बेंड गावाजवळ सशामागे ग्रेहाउंड सोडण्याची मोठी स्पर्धा झाली. तिथून ग्रेहाउंडची वाट हळूहळू वेगळी होत गेली. नोंदणी आली, वंशावळी छापल्या जाऊ लागल्या, विसाव्या शतकात यांत्रिक ससा आणि गोल मैदान आलं. नोंदणीचं केंद्र आजही कॅन्ससमधल्या अबिलीन गावात आहे. कायोटीवाल्यांनी त्या रक्तातला वेग घेतला, पण नुसता वेग त्यांना पुरणारा नव्हता. मैदानावरचं कुत्रं अर्ध्या मिनिटात मोकळं होतं. माळावर मैलभर धावून वर दात असलेल्या जनावराला भिडायचं असतं. म्हणून त्यांनी ग्रेहाउंडमध्ये स्कॉटिश डीअरहाउंड मिसळला. अमेरिकन स्टॅगहाउंड म्हणून जो ओळखला जातो तो हाच. उंच, खोल छातीचा, कधी गुळगुळीत केसांचा तर कधी दाढी-मिशांसह राठ केसांचा. उत्तरेकडच्या बर्फात राठ केसांचा टिकतो आणि तार लागली तरी थोडा वाचतो, असं पाळणारे मानतात. अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याच्या पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते नकोच होतं. डोळ्यांचा रंग आणि शेपटीचा बाक पाहून बक्षीस मिळू लागलं की धाव मरते, ही त्यांची धारणा. मला ती पटते. जातिवंत म्हणून केवळ रूपासाठी वाढवलेल्या किती कुत्र्यांचं काय झालं, हे आपण पाहतो आहोत.

या प्रकाराला साऱ्या देशात नाव मिळवून दिलं ते 1905 च्या एप्रिलने. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ओक्लाहोमा प्रदेशात फ्रेडरिक गावाजवळच्या बिग पाश्चर नावाच्या कुरणात आले. बरोबर कोमांचे जमातीचे पुढारी क्वाना पार्कर होते, आणि होता जॅक अ‍ॅबरनथी. अ‍ॅबरनथीची कला अशी की कुत्र्यांनी कायोटी किंवा लांडगा गाठला की तो घोड्यावरून उडी टाकायचा आणि जनावर चावायला आलं की हात सरळ त्याच्या तोंडात, सुळ्यांच्या मागे घालून खालचा जबडा घट्ट धरायचा. जबडा मिटत नाही, जनावर जिवंत हातात येतं. रूझवेल्टांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅबरनथीला त्यांनी ओक्लाहोमाचा मार्शल नेमलं. या कथेत लोकांना हाताचं धाडस आठवतं. मला त्यामागची ग्रेहाउंड कुत्री महत्त्वाची वाटतात. मैल मैल धावून जनावर थांबवून ठेवणारी तीच होती. ती नसती, तर तो हात कुठल्या तोंडात जाणार होता?

कुत्र्यांच्या टोळीतली कामं पैदास करणाऱ्यांनी फार बारकाईने वाटून दिलेली असतात. एक कुत्रं निव्वळ वेगाचं. त्याने कायोटीला गाठायचं, खांद्याची धडक देऊन लोळवायचं, त्याची दिशा मोडायची. मागून येणारं जड कुत्रं गळा किंवा छाती धरतं आणि सोडत नाही. पहिल्यात पकड नसली तरी चालते, दुसऱ्यात वेग थोडा कमी पडला तरी चालतो, पण हिंमत दोघांत हवी. ती पिल्लात वरून ओळखता येत नाही. म्हणून पिल्लू वर्षाच्या आसपास होईपर्यंत वाट पाहायची, जुन्या कुत्र्यांबरोबरच सोडायचं, आणि पहिल्याच दौडीत एकटं पडून चावे खाल्लेलं पिल्लू पुन्हा कधी भिडत नाही हे लक्षात ठेवायचं. असं ज्ञान पुस्तकात कमी आणि शेजाऱ्याच्या अंगणात जास्त मिळत गेलं. हे सांगताना दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. कायोटीचं हे मरण सोपं नसतं. कधी ते क्षणात येतं, कधी येत नाही. ते झाकून या कुत्र्यांचं कौतुक करणं मला जमत नाही.

इथवरची कुत्री नजरेवर धावणारी. दुसरी परंपरा नाकाची, वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्यांची. तिचा जन्म माळापासून दूर, केंटकीच्या टेकड्यांत. तिथे शेतकरी रात्री खोकडामागे कुत्री सोडत, शेकोटीभोवती बसत आणि नुसतं ऐकत. खोकड मारणं हा हेतूच नसे. कोणाचं कुत्रं पुढे आहे, कोणाचा माग सुटला, हे अंधारात गळ्यावरून ओळखायचं. 1852 मध्ये टॉम हॅरिस नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने टेनेसीच्या सीमेवर हरणामागे धावणारं एक काळं-तांबूस कुत्रं उचललं आणि मॅडिसन काउंटीतल्या जॉर्ज वॉशिंग्टन मॉपिनला आणून दिलं. त्याचं कूळ कोणालाच माहीत नव्हतं. टेनेसी लीड या नावाने ते ओळखलं गेलं, आणि मॉपिन व वॉकर घराण्यांच्या कुत्र्यांत त्याचं रक्त इतकं उतरलं की आजच्या वॉकर हाउंडचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच शतकात जॉर्जियात जुलै हाउंड आणि केंटकीत ग्लासगोच्या हेडन ट्रिगची ट्रिग हाउंड घडली. यापैकी एकही कुत्रं कायोटीसाठी घडलेलं नव्हतं. त्यांच्या मुलखात कायोटी नव्हताच.

तो तिथे आला कसा, या प्रश्नाच्या उत्तरात अमेरिकेच्या वन्यजीव धोरणाची सगळी शोकांतिका आहे. 1931 मध्ये संसदेने उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणाचा कायदा केला. सरकारी पगारावरचे शिकारी, सापळे, स्ट्रिक्नीन, पुढे 1080 नावाचं विष, असा पद्धतशीर संहार चालला. लांडगा त्यात बहुतेक राज्यांतून संपला. कायोटी संपला नाही. त्याची जोडी मोडली की एरवी न विणाऱ्या तरुण माद्या वितात, गर्दी कमी झाल्याने पिल्लं अधिक जगतात, आणि रिकाम्या मुलखात नवे येऊन बसतात. लांडग्याची दहशत उठली तसा तो पूर्वेकडे सरकला. वाटेत उरल्यासुरल्या लांडग्यांशी त्याचा संकर झाला, त्यामुळे ईशान्येकडचा कायोटी अंगाने थोराड आहे. आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागोसारख्या शहरात 2000 पासून त्याचा सलग अभ्यास चालू आहे. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर या विषांचा वापर थांबवला, पण तोवर कायोटी आपला मुलूख वाढवून बसला होता. त्याला दक्षिणेत पोचवण्यात शिकाऱ्यांचाही हात आहे. कुत्र्यांना धावायला जनावर हवं म्हणून कित्येकांनी पश्चिमेकडून कायोटी आणून सोडले.

कायोटी आला तिथे खोकड हटला, आणि खोकडावर पोसलेल्या कुत्र्यांपुढे नवं जनावर उभं राहिलं. खोकड घिरट्या घालतो, बिळात शिरतो, रात्रभर एकाच डोंगराभोवती फिरतो. कायोटी सरळ निघतो. दोन गावं ओलांडतो, रस्ते ओलांडतो, पहाटेपर्यंत थांबत नाही. शेकोटीभोवती बसून ऐकणं त्याने संपवलं. पैदास करणाऱ्यांना जुन्या गळ्याच्या, सावकाश माग काढणाऱ्या कुत्र्यांऐवजी दमदार आणि वेगवान कुत्री हवीशी झाली. स्पर्धांमध्ये कुत्र्यांच्या कुशीवर रंगाने मोठे आकडे लिहून त्यांना शोध, माग, वेग आणि दम यांवर गुण देतात. त्यातला वेग आणि दम जड होत गेला.

रस्त्यांवर कुत्री चिरडली जाऊ लागली तसा एक वाईट तोडगा निघाला. शेकडो एकर रान तारेने बंद करायचं, आत विकत आणलेले कायोटी सोडायचे आणि त्यांच्यामागे कुत्री पळवायची. मी याला शिकार मानत नाही. जनावराला निसटायची वाट नाही, आणि कुत्र्याचीही परीक्षा होत नाही, कारण हरवायला मुलूखच नाही. फ्लोरिडाने 2010 मध्ये अशा रानांवर बंदी घातली, 2014 मध्ये व्हर्जिनियाने नव्या कुंपणांना मनाई केली. ही बंदी कुत्र्यांवर माया करणाऱ्यांनीच आधी मागायला हवी होती.

माळावर याच काळात घोड्याची जागा पिकअप ट्रकने घेतली. मागे लाकडी किंवा लोखंडी पेटी, ड्रायव्हरला आतूनच दार उघडता यावं अशी दोरी. जुन्या सरकारी मोजणीने मैलामैलाचे चौकोन आखलेले, प्रत्येकी 640 एकरांचे, आणि त्यांच्या कडेने मातीचे रस्ते. त्या रस्त्यांवरून दुर्बीण घेऊन फिरायचं, कायोटी दिसला की शेताच्या मालकाची परवानगी आहे ना हे पाहून पेटी उघडायची. पळत असलेलं जनावर नजरेआड होण्याआधी कुत्र्याने ते पाहिलं पाहिजे, यावर सारं अवलंबून. 1985 मध्ये केंद्र सरकारने पडीक ठेवलेल्या शेतजमिनीबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली, तिथे छातीइतकं गवत वाढलं आणि कायोटीला दडायला जागा झाली. जमिनीची धूप थांबली हे चांगलंच झालं. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांची मात्र दौडीची जागा आटली. गवतात ती आंधळी होतात. नाकाच्या कुत्र्यांना 2000 नंतर जीपीएसच्या पट्ट्याने नवं आयुष्य दिलं. आता कुत्रं कुठे आहे हे हातातल्या पडद्यावर दिसतं, हायवेकडे निघालेलं परत बोलावता येतं. गळ्यावरून कुत्रं ओळखणारा कान मात्र पुढच्या पिढीत तयार होईना.

कायदाही बदलतो आहे. कायोटी मारण्याच्या स्पर्धा कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनाने 2019 मध्ये बंद केल्या. व्हरमाँटने 2022 मध्ये कुत्र्यांच्या साह्याने होणारी कायोटीची शिकार नियम होईपर्यंत थांबवली आणि मग परवाने आणले. तिथलं भांडण मुख्यतः हद्दीचं होतं. कुत्र्याला सातबारा वाचता येत नाही, आणि ज्याच्या अंगणात टोळी घुसते त्याचा राग खोटा नसतो. मेंढ्यांचं म्हणाल, तर 1970 च्या दशकापासून युरोपातून आणलेली राखणीची कुत्री कळपातच वाढवायची पद्धत पसरली. ती कायोटीला मारत फिरत नाहीत, जवळ येऊ देत नाहीत. मेंढपाळाला हवं होतं ते त्यांनी दिलं, आणि धावणाऱ्या कुत्र्यांकडे मेंढीचं निमित्तही फारसं उरलं नाही.

शिवाय रक्ताचा झराही आटतो आहे. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला, 2020 अखेर त्या थांबल्या, आणि देशभरातल्या शर्यती आता पश्चिम व्हर्जिनियापुरत्या उरल्या आहेत. शर्यतीच्या कुत्र्यांची जी वाईट स्थिती उघड झाली ती पाहता हे व्हायलाच हवं होतं. पण माळावरच्या पैदाशीत नवा वेग आणायला तेच रक्त लागे.

आपल्या दख्खनच्या कारवान कुत्र्याचं उदाहरण इथे लागू पडतं. तोही नजरेवर धावणारा. मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी त्याची पैदास जपली. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, तरी तो टिकला, कारण मुधोळजवळ त्याच्या पैदाशीसाठी संशोधन केंद्र झालं आणि पुढे सैन्यानेही त्याला घेतलं. अमेरिकन स्टॅगहाउंडला असं कुणी नाही. त्याची वंशावळ म्हाताऱ्या पाळणाऱ्यांच्या स्मरणात आणि घरच्या वह्यांत आहे. कोणत्या मादीची पिल्लं तारेतून शहाणी निघाली, कोणत्या नराच्या पिल्लांची हृदयं लवकर थकली, हे त्यांनाच ठाऊक. तिथल्या कृषी विद्यापीठांनी या वह्या आज गोळा करायला हव्यात, रक्ताचे नमुने घ्यायला हवेत. रूपाचे गुण न देता, केवळ धाव, आरोग्य आणि स्वभाव यांची नोंद ठेवणारं एक दप्तर उघडलं, तर नोंदणीला नाक मुरडणारा पाळणाराही आपली वही घेऊन तिथे येईल.