रँक विचारणाऱ्यांना उत्तर कोणी द्यायचे?

जून-जुलै उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. ‘आयआयटीमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो आणि मध्ये कुठेतरी त्या मुलाचा किंवा मुलीचा. विहारात त्रिसरण-पंचशील होते, पुष्पगुच्छ दिला जातो, ग्रंथ भेट दिला जातो, पाच-सहा वक्ते तासभर बोलतात. सत्कारमूर्ती मान खाली घालून बसलेला असतो. त्याने समाजाचे नाव उज्ज्वल केले, असे प्रत्येक जण सांगतो. पण बाळा, तुला तिथे जायची भीती कशाची वाटते, हे त्याला कोणी विचारत नाही.

ते प्रश्न कार्यक्रम संपल्यावर, विहाराच्या पायरीपाशी चपला शोधताना, हळू आवाजात येतात. “वकीलसाहेब, जातीचा दाखला सगळ्यांसमोर मागतात का?” “रूम पार्टनर कोण मिळणार हे अगोदर कळतं का?” “लेक्चर इंग्रजीत कळलं नाही तर परत पाठवतात का?” आणि एका माउलीने विचारलेला प्रश्न तर माझ्या मनातून जात नाही. “साहेब, पोराने टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला तर चालतो ना तिथं?”

चालतो, माई. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवायला या देशात कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पण तुमचा प्रश्न फोटोचा नाही, हे मला कळते. फोटो दिसला की पोराची जात दिसेल, आणि जात दिसली की त्याच्याशी बोलणे बंद होईल, ही तुमची भीती आहे. ही भीती अडाणीपणाची नाही. ती तीन पिढ्यांच्या अनुभवाची आहे.

तिथे आज जात सरळ विचारत नाहीत. शिकलेली माणसे आहेत, कायदा माहीत आहे. तिथे विचारतात, “रँक किती?” बाहेरच्या माणसाला हा साधा प्रश्न वाटेल. परंतु जेईई ॲडव्हान्स्डच्या निकालात सर्वसाधारण यादीतला क्रमांक वेगळा आणि प्रवर्गाच्या यादीतला वेगळा असतो. तो आकडा आणि मिळालेली शाखा शेजारी-शेजारी ठेवली की विचारणाऱ्याला हवे ते उत्तर मिळते. मग पुढचे वाक्य येते, “अच्छा, म्हणजे कोट्यातून!” किंवा ते वाक्य येतच नाही, फक्त त्या संध्याकाळपासून जेवायला जाताना हाक मारणे थांबते.

हे चळवळीचे रडगाणे आहे असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. २०२३ साली पवईच्या आयआयटीने स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी भेदभावविरोधी सूचना काढल्या. दुसऱ्याचा जेईईचा रँक किंवा गेटचे गुण विचारणे योग्य नाही, कारण तो जात काढून घेण्याचा प्रयत्न वाटू शकतो, असे त्यात लिहिले आहे. संस्थेला असे लिहावे लागते, याचा अर्थ प्रश्न विचारला जात होता. आणि या सूचना केव्हा आल्या? १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्याच परिसरात गेल्यानंतर काही महिन्यांनी. संस्थेच्या चौकशी समितीला जातीय भेदभावाचा ठोस पुरावा मिळाला नाही. कुटुंबाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. मी त्या प्रकरणात वकील नाही, म्हणून त्यावर अधिक बोलणार नाही. पण पोरगा अहमदाबादहून आला, पहिले सत्र संपले आणि तो उरला नाही, एवढे समाजाने विसरू नये.

रँक विचारला तर काय सांगायचे? माझे मत असे की हा निर्णय त्या मुलाचा आहे, आपल्या भाषणांचा नाही. काही कार्यकर्ते पोरांना सांगतात, छाती ठोकून सांग, जयभीम म्हण, घाबरतोस काय! अठरा वर्षांचे पोर, अनोळखी हॉस्टेल, समोर दहा जण. तिथे छाती ठोकायची की नाही हे विहारात बसून ठरवणे सोपे असते. ज्याला सांगायचे त्याने सांगावे. ज्याला नाही त्याने “रँक सांगत नसतो, तू जेवलास का?” एवढे बोलून विषय बदलावा. त्यात चळवळीशी गद्दारी वगैरे काही नाही. मात्र एक गोष्ट प्रत्येकाने मनात पक्की बसवावी. जागा दयेने मिळालेली नाही, कोणाची हिसकावलेलीही नाही. संविधानाच्या कलम १५(४) आणि १५(५) ने दिलेली आहे. मेरिट मेरिट म्हणून जे ओरडतात त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २० जानेवारी २०२२ चा नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणातला निकाल वाचावा. स्पर्धा परीक्षेच्या गुणांत घरची सुबत्ता, शाळा, शिकवणी हे सगळे मिसळलेले असते, गुणवत्ता त्या सामाजिक संदर्भात पाहावी लागते, असा त्याचा आशय आहे. कोटामध्ये दोन वर्षे लाखो रुपये भरून आलेला रँक आणि नांदेडच्या समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून आलेला रँक एकाच तराजूत तोलता येत नाही, हे आता न्यायालयाच्या निकालाच्या आधारानेही म्हणता येते.

दाखल्याच्या प्रश्नाला येतो, कारण तो खास आपला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आजोबांनी नागपुरात जात टाकली. घरात जातीचे नाव काढत नाहीत. आणि प्रवेशाच्या वेळी त्याच नातवाच्या हातात जातीचा उल्लेख असलेला कागद! अनेक मुले मला विचारतात, आपण बौद्ध आहोत ना, मग हे कशाला? कायदा असा आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले आणि बौद्ध यायला १९९० साल उजाडले. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपण कोणीच नव्हतो. आजही यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही, असूही शकत नाही. त्यामुळे केंद्रीय संस्थेसाठीच्या नमुन्यात मूळ अनुसूचित जातीचे नाव आणि धर्म बौद्ध, अशा दोन्ही नोंदी लागतात. नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला घेऊन गेलेली पोरे कागदपत्र पडताळणीत अडकतात आणि आईबाप रात्रीची गाडी पकडून तहसीलला धावतात. म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून ठेवावा. कागदावरची जात ही आपली ओळख नव्हे. झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे आणि भरपाई मागताना नोंद दाखवावी लागते.

पैशाचे बोलतो. २०१६ मध्ये आयआयटीची वार्षिक शिकवणी फी ९० हजारांवरून २ लाख झाली, त्याच वेळी अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ करण्यात आली. लोक एवढे ऐकून निर्धास्त होतात. पण राहणे, मेस, ठेवी, प्रवास हे उरतेच आणि त्याच्याही आधी जागा स्वीकारण्याची रक्कम ठरलेल्या वेळेत ऑनलाइन भरावी लागते. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये बापाने गावातून गोळा केले, तोवर काही मिनिटांनी वेळ संपली आणि जागा गेली. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, पवईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या आपल्याच एका मुलाचे पैसे कार्डाच्या बिघाडामुळे भरले गेले नव्हते. दोन्ही मुले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा न्यायालयाने कलम १४२ चा अधिकार वापरून त्यांना प्रवेश दिला. २०२१ च्या प्रकरणात तर ४८ तासांत जागा द्या, असा आदेश होता. वकील म्हणून मला या निकालांचा अभिमान वाटतो. पण माणूस म्हणून विचार येतो, जी पोरे दिल्लीपर्यंत पोहोचली नाहीत त्यांची गणती कोणी केली? त्या संध्याकाळी गावात ज्याच्या खात्यात १७,५०० रुपये होते असा एक तरी नोकरदार समाजबांधव त्या बापाच्या ओळखीचा असता, तर हे प्रकरण न्यायालयात गेलेच नसते.

इंग्रजीची भीती मात्र मी फार वाढवणार नाही. पहिले सहा महिने कळत नाही, नंतर कळू लागते. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांनी हे अनुभवले आहे. पवईला नव्या मुलाला मार्गदर्शक म्हणून एक सीनियर दिला जातो, त्याला विचारायला लाजू नये. एखादा विषय राहिला म्हणून कोणी संपत नाही. खरे मारते ते एकटेपण.

आणि ते एकटेपण बाबासाहेबांनाही चुकले नव्हते. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, ते बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर. हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. मग भारतीय विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर एका खोलीत राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला परत जाताना बाबासाहेबांनी याच भथेनांकडून कर्ज घेतले. आणि मध्ये, १९१७ साली, बडोद्यात नोकरीला गेलेल्या त्याच बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले होते. एका पारशाने खोली वाटून घेतली, दुसऱ्यांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. नव्या मुलांना माझे सांगणे एवढेच, की तुमचा भथेना तिथे असेल. तो आपल्यातलाच असेल असे नाही. पण आपलेही लोक शोधा. हैदराबादला आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन, जेएनयूत बापसा, मद्रास आयआयटीत आणि पवईत अभ्यासमंडळे ही तुमच्या आधी तिथे गेलेल्या पोरांनी एकटेपणातूनच उभी केली आहेत.

आता थोडे कायद्याचे. अपमान झाला की लोक म्हणतात, ‘ॲट्रॉसिटी टाक’. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ व्हावी लागते. चार भिंतींच्या आत, साक्षीदार नसताना झाले तर ही कलमे टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात सांगितले. मेसमध्ये, वर्गात, दहा जणांसमोर बोललेले आणि बंद खोलीत बोललेले यात कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. म्हणून तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होते हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ही सवय रागापेक्षा जास्त कामाला येते. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांत जातीवरून छळणे, वाळीत टाकणे हेही रॅगिंगच ठरते. तिथे पोलीस ठाण्यापर्यंत न जाताही संस्थेला हालचाल करावी लागते. भेदभावाबाबत आयोगाचे २०१२ चे वेगळे विनियम आहेत. ते कागदावरच राहिले म्हणून रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम आणले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच चालू ठेवले. सहा वर्षांहून अधिक काळ दोन आया कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या, आणि ज्या दिवशी काहीतरी हाती आले त्याच्या पंधरवड्यात ते थांबले.

सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिलेले आकडे आहेत. मागील पाच वर्षांत आयआयटी सोडून गेलेले अनुसूचित जातीचे विद्यार्थी १,०६८, जमातीचे ४०८. यातले काही दुसरीकडे चांगल्या जागी गेले असतील, हे मान्य. पण १,०६८ ही संख्या लहान नाही. यातल्या किती जणांचे आपल्या वस्तीत फ्लेक्स लागले होते? आणि ते परत आले तेव्हा विहारात त्यांना कोणी बोलावले? परत आलेले पोर तोंड चुकवत फिरते, बाप लोकांना सांगतो ‘तब्येत बरी नव्हती’, आणि आपण पुढच्या वर्षीच्या सत्कारमूर्तीचा फोटो छापायला देतो.

तेव्हा विहार समित्या, कर्मचारी संघटना आणि महिला मंडळांना एक प्रस्ताव आहे. पोर ज्या शहरात चालले तिथल्या आपल्या दोन माणसांचे नंबर त्याला निघण्यापूर्वी द्या; एक नोकरदार, एक वकील. त्या दोघांनी पहिल्या महिन्यात एकदा भेटायला जावे. भाषण द्यायला नाही, सोबत जेवायला. शक्य असेल तर महिन्यातून एका रविवारी घरी बोलवावे. घरची भाकरी आणि दोन तास मराठी बोलणे यांनी पोर किती सावरते, हे ज्यांनी हॉस्टेल काढले आहे त्यांना विचारा. मन खचले असेल तर संस्थेतल्या समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही, हे आईबापांना आपण समजवावे, कारण पोर ते घरी बोलत नाही. आणि एक फिरता निधी काढा. मेसचे पैसे सत्राच्या सुरुवातीला भरायचे असतात आणि शिष्यवृत्ती बऱ्याचदा सत्र संपत आल्यावर खात्यात येते. मधल्या काही महिन्यांसाठी बिनव्याजी उसने द्यायचे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे, आणि तेच पुढच्या पोराला. मंडप, साउंड सिस्टीम आणि फ्लेक्सचा यंदाचा हिशेब समितीच्या वहीत असेलच. सुरुवात तिथून करता येते.