दोन अवतरणचिन्हांची गोष्ट

गोष्ट १९९२ सालची. आमच्या कचेरीत माझ्या हाताखाली एक तरुण कारकून होता. कामाला वाघ आणि हिशेबाला चोख. त्याला दुसरीकडे चांगली जागा मिळण्याचा योग आला, तेव्हा तो माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आला. मी हौसेनं स्वतः टाइपरायटरवर बसलो आणि लिहिलं : ही इज ॲन "ऑनेस्ट" वर्कर. प्रामाणिकपणावर चांगला जोर यावा, म्हणून तो शब्द मुद्दाम दुहेरी अवतरणचिन्हांत घातला.

चार दिवसांनी तिकडच्या साहेबांचा फोन आला. ‘‘अहो, या मुलाचं पैशाचं काही प्रकरण झालं होतं का?’’ मी चक्रावलोच. ‘‘छे हो! मी तर प्रामाणिक असंच लिहिलंय.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘मग तो शब्द अवतरणात कशाला घातलात?’’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत अवतरणचिन्हं दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देण्यासाठी असतात. एखादाच सुटा शब्द त्यांत घातला, की वाचणाऱ्याला वाटतं, हा शब्द लिहिणाऱ्याचा नाही, त्याला तो पटलेलाही नाही. म्हणजे मी ‘प्रामाणिक’ असं न लिहिता ‘म्हणे प्रामाणिक!’ असं लिहून बसलो होतो. जोरच द्यायचा, तर शब्दाखाली रेघ ओढायची, नाहीतर छपाईत तो तिरपा करायचा. मी त्याच दिवशी दुसरं पत्र धाडलं.

तेव्हापासून दुकानावर "फ्रेश" फिश किंवा "प्युअर" घी अशी पाटी दिसली, की माझं पाऊल आपोआप अडखळतं.

परवा नातीच्या इंग्रजीच्या वहीत असंच एक वाक्य सापडलं : मदर आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग? तिची चूक का झाली, हे मला लगेच कळलं. ती मराठीत विचार करत होती. आपण म्हणतो, ‘आईनं मला विचारलं, की तू कुठे चाललीस?’ मराठीत ‘की’ आला, तरी आईचं बोलणं तसंच राहतं. ‘तू’ राहतो, प्रश्नाचा सूरही राहतो. इंग्रजीत मात्र बोलणं आडवळणानं सांगितलं, की प्रश्न विरघळतो आणि साधं विधान उरतं : मदर आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग. इथे शेवटी पूर्णविराम.

‘‘आणि आईचेच शब्द द्यायचे असले तर?’’ नातीनं विचारलं. मी लिहून दाखवलं : मदर आस्क्ड, "व्हेअर आर यू गोइंग?" इथे प्रश्न आईचा, म्हणून प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत. आता हे बघ : डिड मदर से, "यू मे गो"? इथे आईनं परवानगी दिली आहे, विचारतोय मी. म्हणून चिन्ह बाहेर. प्रश्न ज्याचा, चिन्ह त्याच्या पदरात! दोघांचाही प्रश्न असला, तर आतलं एकच चिन्ह पुरे. शिवाय प्रश्नचिन्हानंतर वर पुन्हा पूर्णविराम द्यायचा नाही. पूर्णविराम आणि स्वल्पविराम अमेरिकन लोक सहसा अवतरणाच्या आतच ठेवतात, ब्रिटिश मात्र अर्थ पाहून. पण प्रश्नचिन्हाबाबत दोघांचं एकमत आहे.

ही चिन्हं आपल्याकडेही मूळची नाहीत. ती मराठीत रुजवण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज माणसाचा मोठा वाटा. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचं पुस्तक १८५० सालचं. चिन्हं आपण घेतली, पण दोन्ही भाषांत ती वापरण्याची रीत अगदी एक नाही, हे विसरतो.

‘‘आजोबा, एवढ्याशा चिन्हानं काय होतंय?’’ नात म्हणाली. मग तिला त्या शिफारसपत्राची गोष्ट सांगितली.

तो मुलगा त्या जागेवर लागला, चढत गेला. आता निवृत्तीला आलाय. दर दिवाळीला फोन करतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, तुमच्या पत्रामुळे माझं भलं झालं.’’ त्या पत्राच्या आधी आणखी एक पत्र गेलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही. येत्या दिवाळीला सांगून टाकावं म्हणतो.