धर्मादाय खाटांचा हिशेब कोणाला?

‘धर्मादाय’ हा शब्द मराठी माणसाच्या मनात एक विशिष्ट आदरभाव घेऊन येतो. देवस्थानाचे अन्नछत्र, यात्रेकरूंची धर्मशाळा, गोरगरिबांचा दवाखाना या साऱ्यांच्या मागे कोणा उदार व्यक्तीने स्वतःच्या कनवटीचा काढून दिलेला पैसा असतो, आणि दात्याकडे हिशेब मागू नये असा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. महाराष्ट्रातील चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत मात्र हा शिष्टाचार गरीब रुग्णाच्या मुळावर आला आहे. कारण येथे दाता एकटा नाही. नाममात्र भाड्याने मिळालेली शासकीय जमीन, वाढीव चटईक्षेत्र, प्राप्तिकरातील सूट, परदेशातून आणलेल्या यंत्रांवरील आयात शुल्कातील सवलत, यांपैकी एका ना एका मार्गाने सामान्य करदातादेखील या संस्थांचा दाता झालेला आहे. त्याच्या नावाची संगमरवरी पाटी प्रवेशद्वारावर लागलेली नाही, इतकाच काय तो फरक.

या अनामिक दात्याने आपले दान बिनशर्त दिलेले नाही, ही गोष्ट विसरली जाते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात १९८० च्या दशकात कलम ४१ कक घालण्यात आले. शासनाकडून अनुदान अथवा सवलती घेणाऱ्या विश्वस्त रुग्णालयांनी आपल्या कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या पाहिजेत, असे बंधन त्याने घातले. ही तरतूद म्हणजे रुग्णालयांवर लादलेला अन्याय नव्हे, की रुग्णालयांनी दाखवलेली दयाही नव्हे. समाजाने आधीच चुकत्या केलेल्या किमतीचा तो मोबदला आहे.

देणगीबरोबर अट येणे ही मुंबईला नवी गोष्ट नाही. १९२६ साली परळला महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडून शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी तेथील अध्यापकवर्ग पात्र भारतीयांचाच असावा अशी अट घातली होती. ती अट पाळली गेली आणि त्यातूनच एक स्वाभिमानी परंपरा जन्माला आली. एका दात्याची अट जर पिढ्यान् पिढ्यांचा वारसा ठरू शकते, तर लक्षावधी अनामिक दात्यांच्या अटीकडेच तेवढा कानाडोळा का व्हावा?

न्यायालयाची योजना

कलम ४१ कक हे दीर्घकाळ कायद्याच्या पुस्तकातच राहिले. अखेर एका जनहित याचिकेच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये एक सविस्तर योजना मंजूर केली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ती अमलात आली. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम प्रत्येक रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून स्वतंत्र खात्यात जमा करावी. खाट, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचे मूल्य निर्धन रुग्णाकडून घेऊ नये. औषधे व अन्य साहित्य यांचा खर्च खरेदीच्या भावाने या निधीतून भागवावा. रुग्णांना मार्गदर्शन करण्यासाठी समाजसेवक नेमावा. आणि या साऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी समित्या असाव्यात, अशी तिची चौकट आहे. निर्धन आणि दुर्बल यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी वाढवण्यात आल्या. निर्धनांसाठी ती १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये अशी करण्यात आली. अत्यवस्थ रुग्ण आला तर त्याला तत्काळ दाखल करून घ्यावे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेत आणि अनामत रक्कम मागू नये, असेही या योजनेत निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला. एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने उपचारांआधी दहा लाख रुपयांची अनामत मागितली, असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप होता. त्या प्रकरणातील दोषनिश्चिती हे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम आहे. वृत्तपत्रांनी ते करू नये. परंतु त्यानंतर जे घडले ते मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तातडीच्या रुग्णांकडून अनामत मागू नये असे आदेश यंत्रणेला पुन्हा काढावे लागले. जो नियम २००६ पासून अस्तित्वात होता, तो एकोणीस वर्षांनी नव्याने सांगावा लागतो, याचा अर्थ मधल्या काळात तो पाळला जातो की नाही हे सातत्याने पाहणारे कोणी नव्हते, असाच होतो. हे वरातीमागून घोडे आहे.

हिशेबाची दिशा

असे का व्हावे? यंत्रणा नाही म्हणून नव्हे. कागदपत्रांचीही वाण नाही. रुग्णालये आपली माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर करतात, लेखापरीक्षकांचे अहवाल जातात, समित्यांच्या बैठका होतात. दोष हिशेबाच्या दिशेत आहे. हिशेब वर जातो, खाली येत नाही. ज्याच्यासाठी खाट राखून ठेवलेली आहे, त्या माणसाला ती खाट आहे हे ठाऊक नसते. आणि ज्याला ते ठाऊक असते, त्याला आज ती रिकामी आहे की नाही हे पडताळून पाहता येत नाही. खिडकीमागील लेखनिक ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाला की तो शब्द अंतिम ठरतो. उत्तरदायित्व म्हणजे वरिष्ठांना विवरणपत्रे पाठवणे, अशी जी समजूत आपल्या प्रशासनात रुजलेली आहे, तिचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची घडणही या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. १९५० चा कायदा झाला तेव्हा त्याच्यापुढे मुख्यतः देवस्थाने, वक्फ, धर्मशाळा आणि शिक्षणसंस्था यांच्या मालमत्तेचा प्रश्न होता. विश्वस्तांनी जमिनी परस्पर विकू नयेत, हिशेब ठेवावेत, विश्वस्तमंडळातील बदलांची नोंद व्हावी, त्यांच्या आपसांतील भांडणांचा निवाडा व्हावा, या हेतूने ही यंत्रणा उभी राहिली. तिची प्रकृती न्यायालयीन आहे. तक्रार आली की सुनावणी, सुनावणी झाली की आदेश, अशी तिची चाल. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मजुराला मात्र सुनावणीची तारीख नको असते. त्याला खाट हवी असते. मालमत्तेच्या रक्षणासाठी घडवलेल्या यंत्रणेकडून माणसांच्या रक्षणाची अपेक्षा ठेवायची, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ व वैद्यकीय जाण मात्र तिला पुरवायची नाही, ही शासनाची जुनी रीत आहे.

रुग्णालयांची बाजू

रुग्णालयांच्या चालकांचेही काही म्हणणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, नवजात अर्भकांची अतिदक्षता यांचा खर्च असा वाढला आहे की दोन टक्क्यांचा निधी मोजक्या रुग्णांतच संपू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणा डॉक्टर दांपत्याने आणि चार सज्जन विश्वस्तांनी जिद्दीने चालवलेले छोटे रुग्णालय आणि महानगरातील बहुमजली, वातानुकूलित संस्था यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. उत्पन्नाचे खोटे दाखले मिळवून सवलत लाटणारे महाभागही आहेत. हे सारे खरे आहे. परंतु यांतील प्रत्येक अडचणीचे उत्तर हिशेब झाकण्यात नसून तो उघडा करण्यात आहे. निधी खरोखरच संपला असेल, तर किती जमला, कोणत्या आजारांवर खर्च झाला आणि किती तूट आली हे प्रसिद्ध करावे. मग वाढीव मदतीची मागणी करताना समाजही रुग्णालयाच्या पाठीशी उभा राहील. जे प्रामाणिक आहेत त्यांना पारदर्शकतेने काहीच गमवावे लागत नाही. गुप्ततेने मात्र त्यांची गणना अप्रामाणिकांत होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आरोग्यसेवा हे शासनाचे कर्तव्य. ते स्वतः टाळून ते विश्वस्त संस्थांच्या गळ्यात का मारावे? या प्रश्नापुढे शासनाला मान खाली घालावी लागेल. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्णांचे मृत्यू झाले. ज्याचे स्वतःचे घर इतके उघडे पडलेले आहे, त्याने दुसऱ्याला जाब विचारावा यात नैतिक विसंगती आहे खरी. मात्र शासकीय रुग्णालय निकामी आहे म्हणून धर्मादाय रुग्णालयाची जबाबदारी कमी होत नाही. उलट गरिबाला दुसरे दारच उरलेले नसल्यामुळे ती वाढते. आणि जमीन व सवलती घेताना ‘हे शासनाचे काम आहे’ असा युक्तिवाद कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

कायदा आता पुढे गेला आहे

देशातील सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही या बाबतीत स्पष्ट झालेली आहे. दिल्लीत सवलतीने जमीन मिळालेल्या खासगी रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के आणि आंतररुग्ण विभागात १० टक्के गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असा निकाल जुलै २०१८ मध्ये लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये डी. ए. व्ही. महाविद्यालय विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू होतो. आणि शहरात विनामूल्य किंवा मोठ्या सवलतीने मिळालेली जमीन हेही असे अर्थसाहाय्य ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे. या तत्त्वानुसार राज्यातील कोणती धर्मादाय रुग्णालये माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात, याची यादी करून ती जाहीर करणे शासनाला अवघड नाही. अवघड आहे ती इच्छा.

येथे स्वयंसेवी क्षेत्रानेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. माहितीचा अधिकार हा या क्षेत्रातील कार्यकर्त्यांनीच लढून मिळवलेला अधिकार आहे. केंद्राचा कायदा २००५ साली झाला; महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ साली, स्वतःचा कायदा केला होता आणि त्यामागे उपोषणे व मोर्चे होते. ज्यांनी तलाठ्याच्या दप्तरापासून मंत्रालयातील नस्तीपर्यंत सर्व काही उघडे करायला लावले, त्यांनी स्वतःच्या संस्थेची दप्तरे मात्र ‘अंतर्गत बाब’ म्हणून बंद ठेवावीत, हे शोभणारे नाही. सेवेचे व्रत हे हिशेबातून सुटका देणारे प्रमाणपत्र नव्हे. विश्वस्त हा शब्दच विश्वासावर उभा आहे, आणि विश्वास हा मागितल्यावर दाखवता येणाऱ्या हिशेबावर टिकतो.

दारावरचा फलक

यावर उपाय काय, हे शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करावी, औषधे आहेत की नाहीत हे पाहावे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावे, असे त्याचे स्वरूप होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आदिवासी पाड्यावरची स्त्री जाब विचारू शकते, तर पुण्या-मुंबईच्या विश्वस्तांना तो विचारला जाऊ नये असा कोणता विशेषाधिकार त्यांना मिळाला आहे?

तेव्हा काही साध्या गोष्टी तरी व्हाव्यात. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर, ठळक मराठी अक्षरांत, राखीव खाटा किती आणि आज रिकाम्या किती याचा फलक असावा. निर्धन रुग्ण निधीत महिन्याला किती जमा झाले व किती खर्ची पडले हे त्याच फलकावर लिहावे. समाजसेवकाचे कार्यालय तळघरात नव्हे तर नोंदणीच्या खिडकीशेजारी असावे. देखरेख समितीत रुग्णांच्या वतीने बोलणारे प्रतिनिधी असावेत, आणि वर्षातून एकदा रुग्णालयाच्या आवारातच जनसुनवाई व्हावी. राखीव खाट नाकारल्याचे सिद्ध झाल्यास ज्या सवलतीच्या मोबदल्यात ती राखीव होती, त्या सवलतीचाच फेरविचार व्हावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना तर नवा कायदाही लागत नाही. एक फळा आणि खडू पुरे.

महाराष्ट्राला दानशूरांची उणीव कधीच भासली नाही, आणि प्रामाणिक विश्वस्तांचीही नाही. उणीव आहे ती दान ज्याच्या नावाने केले जाते त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, या जाणिवेची. तहसीलदाराचा दाखला आणि शिधापत्रिका हातात घेऊन रुग्णालयाच्या दारात उभा राहिलेला माणूस हा याचक नाही. त्याच्या वाट्याची किंमत समाजाने आधीच भरलेली आहे. त्याला द्यायची आहे ती खाट. आणि ती देता येत नसेल तर का देता येत नाही, याचा खरा हिशेब.