गांजाचे तेल गुडघ्याला चोळावे काय?



खुरपणीच्या दिवसांतली गोष्ट. मुरुडजवळच्या एका शेतावर सोयाबीन पाहायला गेलो होतो. दुपारची भाकरी खाऊन बाया बांधावर टेकल्या होत्या. त्यांतल्या एका मावशींनी कनवटीची एक लहानशी बाटली काढून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "साहेब, पोरानं पुण्याहून पाठवलीय, गुडघ्याला चोळ म्हणून. पण ह्यात गांजा हाय म्हणायलेत. चोळल्यावर मला झिंग तर येणार न्हाई ना? येशीतनं झोकांड्या खात गेले तर लोकं काय म्हणतील?"

बाया खो खो हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. दोन महिने बाटली घरात पडून होती आणि भीतीपायी त्यांनी तिचे झाकणही उघडले नव्हते. गुडघा मात्र रोज ठणकत होता. मी काही डॉक्टर नव्हे, पण हा प्रश्न निम्मा झाडाचा आणि निम्मा कायद्याचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो.

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यावरची चिकट राळ म्हणजे चरस. या राळेत अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी दोन लक्षात ठेवावीत. एक टीएचसी. डोके फिरवते ते हेच. इस्रायलमधील मेशुलाम आणि गावनी या शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते वेगळे काढून दाखवले. दुसरे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. याची झिंग येत नाही. झाडाच्या बियांत मात्र ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ नसतातच, बाहेरून राळ चिकटली असेल तेवढीच.

मी चष्मा लावून बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचली. ते बियांचे तेल निघाले! म्हणजे जवसाचे किंवा करडईचे असते तसेच एक तेल. केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली हे बी, त्याचे तेल आणि पीठ खाण्याचे पदार्थ म्हणून मान्य केले आहेत. मावशींना सांगितले, "करडईच्या तेलानं जेवढी झिंग येते तेवढीच ह्यानं येईल." पण त्याच हिशेबाने, दुखण्यावरही ते करडईच्या तेलाहून फार अधिक काही करील अशी आशा धरू नये. बाटलीवर पान छापलेले असते, नाव गांजाच्या झाडाचे असते आणि किंमत घाण्यावरच्या तेलाच्या कितीतरी पट असते. घेण्यापूर्वी 'बियांचे तेल' असे लिहिले आहे की 'पानांचा अर्क', एवढे कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

आता पानांचा अर्क घातलेल्या मलमाकडे वळू. हे चोळल्यावर नशा चढते काय?

तुम्ही फवारणी करता. औषधे दोन तऱ्हेची असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्पर्शजन्य औषध जेथे पडेल तेथेच काम करते. आंतरप्रवाही औषध पानातून शिरून झाडभर फिरते. साधे मलम हे स्पर्शजन्य औषधासारखे समजा. टीएचसी आणि सीबीडी दोन्ही तेलकट आहेत. कातडीच्या सर्वांत वरच्या कोरड्या थरात ती अडकून बसतात. खाली रक्तापर्यंत फारच थोडी पोचतात आणि मेंदूपर्यंत झिंग येण्याइतकी जात नाहीत. म्हणून धडधाकट कातडीवर बेताने चोळलेल्या मलमाने डोके फिरत नाही.

परंतु कातडी म्हणजे दगडी भिंत असे मात्र समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. त्यांत श्वासाबरोबर कातडीतूनही विष गेले होते. काही द्रव्ये कातडीतून सहज जातात, काही जात नाहीत. औषध मुद्दाम आत शिरावे म्हणून बनवलेल्या चिकटपट्ट्याही असतात. ती आंतरप्रवाही जात झाली, तिला हा नियम लागू नाही. चिरलेल्या, भेगाळलेल्या किंवा खरजेच्या जागी असले मलम लावू नये, हे ओघाने आलेच.

मग दुखणे राहते काय? येथे उत्साह थोडा आवरावा लागतो. जे मलम आत जात नाही म्हणून नशा येत नाही, ते गुडघ्याच्या सांध्यापर्यंत तरी किती पोचणार? २०१६ साली अमेरिकेत सांधे सुजलेल्या उंदरांना सीबीडीची जेल लावली, तेव्हा सूज उतरली. पण उंदराची कातडी आणि आपली कातडी यांत अंतर आहे. २०१७ साली तेथीलच एका कंपनीने गुडघेदुखीच्या माणसांवर अशीच जेल वापरून पाहिली, तेव्हा नुसत्या मलमापेक्षा ठरवल्याइतका फरक दिसला नाही. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२१ साली, पुरावा पुरेसा नसल्याने, दुखण्यावर ही द्रव्ये सरसकट वापरण्याला मान्यता दिली नाही.

आपल्याकडे या झाडाचा वेदनेवरचा लौकिक जुना आहे. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात. ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ च्या सुमारास कलकत्त्यात संधिवाताच्या रोग्यांना त्याची राळ देऊन पाहिली होती. पण ते औषध पोटात घेण्याचे होते आणि गुणाबरोबर नशाही येत होती. आजही विजयेच्या अर्काचे तोंडात घ्यायचे थेंब मिळतात. औषधविषयक नियमांत भांगेची गणना बचनाग, कुचला, बिब्बा यांच्याबरोबर विषारी द्रव्यांत केली आहे, ती उगीच नव्हे. ते थेंब वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, घेऊन ट्रॅक्टर चालवू नये आणि बाटली पोराबाळांच्या हाती लागू देऊ नये. चोळायची बाटली आणि प्यायची बाटली यांची गफलत सांजेच्या अंधारात सहज होते.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. मावशींशी बोलत होतो तेव्हा शेजारचा एक तरुण हळूच म्हणाला, "साहेब, एवढं महाग इकत घेण्यापरीस तुरीत दोन झाडं लावली आन् पाला तेलात कढवला तर?"

बाबांनो, हे मुळीच करू नका. पाला कढवला की उष्णतेने त्यातले नशा आणणारे द्रव्य उलट जागे होते आणि त्या तेलाचा जोर किती, हे घरात कोणालाच मोजता येत नाही. आणि कायदा? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० प्रमाणे या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दोन झाडे औषधापुरती चालतात, अशी सूट त्यात नाही. आपल्या रानात असे झाड कोणी लावलेले दिसले तर ताबडतोब कळवणे, हेही जमीनधारकाचे कर्तव्य आहे. सरपंच आणि गावकामगारांवरही तीच जबाबदारी आहे. तेव्हा वाटेकऱ्याने लावले, मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची पाळी येऊ नये म्हणून तुरीच्या ओळींतून अधूनमधून हिंडत जा. उत्तराखंडात नशेचा अंश अगदी कमी असलेल्या वाणाला २०१८ पासून परवाने मिळतात. पण तेथला परवाना मुरुडच्या शिवारात चालत नाही. 'औषधी भांगेचे बी देतो, माल आम्हीच उचलतो' असे सांगत कोणी आला, तर पैसे देण्याआधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात या.

राहिला मावशींचा गुडघा. त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. सांधा लाल होऊन सुजला, ताप आला किंवा पहाटे बोटे आखडू लागली, तर कोणतेही तेल चोळत बसू नये. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत नुसते तेल चोळत बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. त्यांचे दुखणे झिजेचे निघाले. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचे साधे मलम दिले. गुडघ्याच्या झिजेवर लावायच्या औषधांत या जातीच्या मलमांना जगभरचे तज्ज्ञ पहिली पसंती देतात. मूत्रपिंडाचा किंवा पोटात व्रणाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते. मिरचीतल्या तिखट द्रव्याचेही मलम निघाले आहे. मिरच्या खुडताना हात भगभगतात तेच हे द्रव्य, पण म्हणून कोणी मिरची वाटून गुडघ्याला बांधू नये!

माझ्या अखत्यारीत होते तेवढे मी केले. उकिडवे बसून दिवसभर खुरपणे हे गुडघ्याचे मोठे दुखणे आहे. मावशींच्या घरच्यांना उभ्याने चालवायचे सायकल कोळपे दाखवले. ओळींमधले तण त्याने निघते, झाडाच्या बुडाशी तेवढे खुरपे घ्यावे लागते. मालक आधी कुरकुरले, मग एक घेतले.

पंधरा दिवसांनी मावशी बाजारात भेटल्या. गुडघा बराच हलका झाला होता. बाटलीचे काय केले, असे विचारले.

"केसाला लावून संपीवली की," त्या म्हणाल्या. "पोराला म्हनलं, आता कोळप्याच्या चाकाला वंगण पाठव."