सेकंदाला ५४० लाख कोटी

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मोडीत निघते. ही घट भरून काढायला हाडांमधली मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी रक्तात सोडते. दिवसाला नव्हे, सेकंदाला. आता त्या पेशीच्या आत डोकावू. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. २० लाख गुणिले २७ कोटी म्हणजे ५४० लाख कोटी. २०२५-२६चा केंद्रीय अर्थसंकल्प जवळपास ५१ लाख कोटी रुपयांचा होता. त्या मापानं दहा वर्षांचे अर्थसंकल्प शरीर एका सेकंदात मंजूर करतं, तेही गोंधळ न होता!

हिमोग्लोबिन हे प्रथिन. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या आणि ५७४ अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमानं ओवलेली असतात. म्हणजे सेकंदाला ३१ वर १६ शून्यं इतकी आम्लं जागच्या जागी बसवायची. आणि दिवसभराच्या या कामाचं वजन किती भरतं? जेमतेम ५-६ ग्रॅम.

क्रम चुकला तर काय होतं, हे गडचिरोली-नंदुरबारकडच्या कितीतरी घरांना सांगावं लागत नाही. चारपैकी दोन साखळ्या १४६ आम्लांच्या असतात. त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं. तिथं व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाच सिकलसेल. १४६ मधल्या एकाच आम्लाचा हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये शोधला. ही चूक जनुकातली, ताटातली नव्हे. पण शरीर ‘हे नाही तर ते’ असं का चालवून घेत नाही, ते यातून कळतं. लागणाऱ्या २० आम्लांपैकी ९ मोठ्या माणसाला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. तांदूळ-ज्वारीत लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरणभात ही भरपाई फार पूर्वीपासून करत आला आहे, आणि त्यासाठी कुणी पेटंट मागितलेलं नाही.

हिमोग्लोबिन हे एक खातं झालं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, यकृत रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं. सगळं धरून प्रौढ शरीर दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि तेवढीच पुन्हा बांधतं. खायला मात्र ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम पुरतात, असं आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. उरलेला माल जुन्या मोडीतूनच निघतो. पण थोडी गळती रोज होते, युरिया होऊन लघवीवाटे जाते. चरबीसारखं प्रथिनांचं कोठार शरीरात नाही. ताटात कमी पडलं, तर ते दंड-मांड्यांच्या स्नायूंतून काढलं जातं.

मग हे ४६ ग्रॅम जमतात कसे? ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम: २०. कोरडी तूरडाळ ६० ग्रॅम: १३. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: ७. पेलाभर दूध: ६. झाले ४६. यात भुकटीचा महागडा डबा कुठेच नाही. अडचण दुसरीच आहे. साठ ग्रॅम डाळ म्हणजे घट्ट वरणाच्या दोन भरगच्च वाट्या. अनेक घरांत बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि तिच्या वाटीला येते ती तळाची पाणीदार आमटी. दूध चहापुरतं, अंडं आलंच तर मुलांना. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना तर ४६ ग्रॅमही पुरत नाहीत.

आज रात्री घरातल्या बाईच्या ताटात किती डाळ पडली, ते एकदा मोजून पाहा. फक्त कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे आकडे त्या व्यक्तीला लावू नका. तो हिशेब डॉक्टरांनीच करायचा.